छातीत, बेंबीत, टाक्यांत : ओटीपोटाबाहेरचा एंडोमेट्रिओसिस

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर कुठेतरी रुजते, आणि अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेनच्या जोरावर दर महिन्याला वाढते, सुजते, रक्ताळते. या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात जवळपास 19 कोटी जणींना तो असतो. बहुतेकींमध्ये तो ओटीपोटातच राहतो : अंडाशयांवर, गर्भाशयाच्या मागच्या खळग्यात, गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांवर. पाळीतल्या असह्य कळा, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे, दिवस न राहणे ही त्याची ओळखीची लक्षणे. पण काहीजणींमध्ये हीच ऊती ओटीपोटाची हद्द ओलांडते. ती सिझेरियनच्या व्रणात सापडते, बेंबीत, जांघेत, आतड्यावर, श्वासपटलावर, फुप्फुसाच्या आवरणात सापडते. अगदी क्वचित मज्जातंतूवर किंवा मेंदूतही. अशा रुग्ण संख्येने थोड्या असतात, पण त्यांची फरफट मोठी होते, कारण त्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जातच नाहीत. छातीत दुखले की छातीच्या डॉक्टरकडे, पोटावर गाठ आली की सर्जनकडे, पायातून कळ आली की हाडांच्या डॉक्टरकडे. तिथे पाळीचा विषय निघत नाही.

या आजाराच्या निदानात पहिले आणि सर्वांत स्वस्त साधन आहे ते तारीख. त्रास कधी सुरू झाला, यापेक्षा तो महिन्याच्या कोणत्या दिवशी येतो, या प्रश्नाचे उत्तर इथे अधिक मोलाचे. ओटीपोटातल्या नेहमीच्या एंडोमेट्रिओसिसचे निदान व्हायलाही पहिल्या लक्षणापासून 4 ते 11 वर्षे जातात, असे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसून आले आहे. आजार ओटीपोटाबाहेर असेल तर हा तारखेचा प्रश्न विचारणाराच भेटत नाही. मराठी घरांत पाळीला ‘अडचण’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’ असे आडूनच म्हणायची रीत होती, ती अजून पुरती गेलेली नाही. दम लागल्याची तक्रार सांगायला बसलेली बाई, सोबत सासरे किंवा भाऊ असताना, ‘हे अडचणीच्या दुसऱ्या दिवशी होतं’ असे आपणहून बोलत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाळीच्या तारखेभोवती गोल करायची सवय मात्र पुष्कळजणींना असते. त्याच पानावर दम, खोकला, गाठीचे दुखणे यांचीही खूण तीन-चार महिने केली, तर ते पान डॉक्टरांपुढे ठेवण्याजोगा भक्कम पुरावा ठरतो.

तारीख जुळली म्हणजे निदान झाले असे नाही, आणि जुळली नाही म्हणून आजार नाही असेही नाही. सुरुवातीला त्रास पाळीच्या दिवसांपुरता असतो. वर्षे गेली की आजूबाजूला व्रण तयार होतो, आवरणे एकमेकांना चिकटतात, आणि दुखणे महिनाभर राहू लागते. म्हणून आजचे दुखणे कसे आहे एवढेच न विचारता, ते सुरुवातीला कसे होते हेही विचारावे लागते.

ही ऊती इतक्या दूर पोचते कशी, याचे एकच एक उत्तर नाही. आजाराचे सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी 1860 मध्ये केले. अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातले शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी 1920 च्या दशकात आज सर्वांत परिचित असलेली उपपत्ती मांडली : पाळीचे काही रक्त उलट दिशेने, गर्भनलिकांतून पोटाच्या पोकळीत जाते, आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. असा उलटा प्रवाह बहुतेक सगळ्या स्त्रियांत थोडाफार होतोच. मग सगळ्यांनाच आजार का होत नाही, हा प्रश्न उरतो. रोगप्रतिकारशक्ती, आनुवंशिकता, त्या ऊतीचे स्वतःचे गुणधर्म, या सगळ्यांचा त्यात वाटा दिसतो. ओटीपोटातला आजार या उपपत्तीने बराचसा समजतो. फुप्फुसाच्या गाभ्यातला किंवा मेंदूतला समजत नाही. तिथे पेशी रक्तवाहिन्यांतून किंवा लसिकावाहिन्यांतून गेल्या असाव्यात, असे मानावे लागते. तिसरी उपपत्ती अशी की पोटाच्या आणि छातीच्या आवरणांतल्या पेशीच काही कारणाने रूप पालटून अस्तरासारख्या होतात. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिलेल्या काही पुरुषांतही एंडोमेट्रिओसिस आढळला आहे. त्यांना गर्भाशय नाही, पाळी नाही, त्यामुळे ही तिसरी शक्यता बाजूला टाकता येत नाही. सिझेरियनच्या व्रणातला आजार मात्र सरळ आहे : शस्त्रक्रियेच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी जखमेत सांडतात आणि तिथेच वाढतात.

पोट आणि ओटीपोट सोडले तर हा आजार सर्वाधिक सापडतो तो छातीत, आणि तिथे तो जवळजवळ नेहमी उजव्या बाजूला असतो. याचे कारण पोटातल्या पाण्याच्या वाटेत आहे. पोटाच्या पोकळीत थोडासा द्रव सतत असतो. श्वासाबरोबर श्वासपटल खालीवर होते, आतडी हलतात, आणि तो द्रव ओटीपोटातून मोठ्या आतड्याच्या उजव्या कडेने वर सरकत यकृतामागे, उजव्या श्वासपटलाखाली जाऊन पोचतो. तिथून डावीकडे जायची वाट यकृताला पोटाच्या भिंतीशी जोडणाऱ्या एका उभ्या पडद्याने अडवलेली असते. त्यामुळे द्रवाबरोबर आलेल्या पेशी उजव्या श्वासपटलावरच साचतात, तिथे रुजतात, आणि दर महिन्याला सुजून, झडून त्या पातळ स्नायूला भोके पाडतात.

त्या भोकांतून पुढचा प्रकार घडतो. पाळीच्या दिवसांत गर्भाशयमुखातला चिकट बूच सैल झालेला असतो. बाहेरची हवा योनीमार्गातून, गर्भाशयातून आणि नलिकांतून पोटात शिरते, आणि श्वासपटलाच्या भोकातून छातीत ओढली जाते. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा भरली की फुप्फुस आकसते. हवा शिरण्याची ही एक वाट झाली. काहीजणींत फुप्फुसावरच रुजलेली ऊती झडते आणि तिथून हवा गळते. 1958 मध्ये अशा रुग्णाचे पहिले वर्णन वैद्यकीय साहित्यात आले, आणि 1972 मध्ये या प्रकाराला ‘कॅटामेनियल न्यूमोथोरॅक्स’ हे नाव मिळाले. ‘कॅटामेनियल’ हा ग्रीकवरून आलेला शब्द, अर्थ महिन्यागणिक येणारा. पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून ती सुरू झाल्यानंतरच्या 72 तासांपर्यंत पुन्हा पुन्हा हवा साठली, तर त्याला हे नाव देतात. छातीतल्या एंडोमेट्रिओसिसच्या 110 रुग्णांचा एक आढावा 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 73 टक्के जणींना ही हवेची तक्रार होती, 14 टक्के जणींच्या छातीत रक्त साठले होते, 7 टक्के जणींना खोकल्यातून रक्त पडत होते, आणि 6 टक्के जणींच्या फुप्फुसात गाठ दिसली होती. त्यांचे सरासरी वय पस्तिशीच्या आसपास होते, म्हणजे ओटीपोटातला आजार ज्या वयात कळतो त्याहून काही वर्षे पुढे.

भारतात इथे एक मोठी गल्लत होते. तरुण बाई, खोकल्यातून रक्त, किंवा छातीत लालसर पाणी म्हटले की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि येणे रास्तही आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. पण थुंकीत जंतू नाहीत, सीबीनॅटसारख्या जनुकीय तपासणीतही काही निघत नाही, आणि तरी केवळ संशयावर सहा महिन्यांची औषधे सुरू होतात, असे होऊ नये. रक्त दर महिन्याला ठराविक दिवशी पडते आणि मग आपोआप थांबते, हे क्षयाचे वागणे नव्हे. पोटातही असाच चकवा बसतो. एंडोमेट्रिओसिसमुळे क्वचित पोटात रक्तमिश्रित पाणी भरते. ते पाहून आधी पोटाच्या क्षयाचा, नाहीतर अंडाशयाच्या कर्करोगाचा संशय घेतला जातो. या दोन्ही शक्यता तपासायलाच हव्यात. एंडोमेट्रिओसिसची शक्यताही मात्र त्या यादीत असावी.

छातीतल्या आजाराच्या तपासण्यांनाही तारीख लागते. हवा साठली असेल तर साध्या एक्स-रेवर दिसते. फुप्फुसातल्या गाठीसाठी सीटी स्कॅन पाळीच्या दिवसांत करावा आणि दोन पाळ्यांच्या मधल्या काळात पुन्हा करावा. पाळीत दिसलेली सावली नंतर लहान झाली किंवा नाहीशी झाली, तर संशय बळावतो. श्वासनलिकेची दुर्बीण तपासणीही पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत केली तरच रक्ताळलेली जागा सापडायची शक्यता असते. आठवडाभराने तीच नळी स्वच्छ, निरोगी दिसते, आणि अहवालात ‘काही आढळले नाही’ असे लिहिले जाते. श्वासपटलावरचे डाग पाहायला एमआरआय अधिक उपयोगी, कारण जुने रक्त त्यात विशिष्ट पद्धतीने उजळ दिसते.

हवेमुळे दम लागलेली रुग्ण आली की आधी जीव सावरायचा. बरगड्यांमधून छातीत नळी घालतात आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडवतात. रुग्ण खोकली की बाटलीत बुडबुडे येतात. ते यायचे थांबले की गळती बंद झाली असे समजते. पुष्कळदा उपचार इथेच संपतो, नळी काढतात, रुग्ण घरी जाते, आणि पुढच्या किंवा त्यापुढच्या पाळीला परत येते. दुसऱ्यांदा असे झाले की छातीच्या दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणे योग्य. दुर्बीण आत गेली की उजव्या श्वासपटलाचा चकचकीत, लालसर घुमट समोर येतो. त्याच्या मधल्या पांढऱ्या, स्नायू नसलेल्या भागावर करडे-निळे, तपकिरी, कधी काळपट ठिपके दिसतात, आणि त्यांच्या आसपास मिलिमीटरभर ते सेंटिमीटरभर रुंदीची भोके. काही रुग्णांत तो भाग चाळणीसारखा झालेला असतो. हे पाहायचे आहे असे मनात धरून पाहिले तरच दिसते. फुप्फुसाच्या शेंड्यावरचे फुगे शोधायच्या नादात खालचे श्वासपटल न बघताच शस्त्रक्रिया संपली, तर आजार जागच्या जागी राहतो. भोके असलेला भाग कापून काढतात, कडा शिवतात, गरज पडल्यास जाळी लावतात, आणि फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटून राहावे म्हणून दोन आवरणे मुद्दाम खरवडतात किंवा तिथे औषधी पूड टाकतात. काढलेला तुकडा तपासणीला जातोच जातो. छातीत आजार असलेल्या बहुतेकींच्या ओटीपोटातही तो असतो, म्हणून छातीचा आणि स्त्रीरोगाचा असे दोन्ही सर्जन एकाच बेशुद्धीत दोन्ही जागा हाताळू शकले तर उत्तम.

श्वासपटलावरच्या आजाराचे आणखी एक चकवणारे लक्षण म्हणजे उजवा खांदा दुखणे. श्वासपटलाची संवेदना वाहणारा मज्जातंतू मानेतून निघतो, खांद्याच्या कातडीची संवेदनाही मानेच्या त्याच पातळीवरून येते, त्यामुळे मेंदू दुखण्याची जागा चुकीची वाचतो. पाळीत उजवा खांदा दुखतो, आडवे झाले की दुखणे वाढते, आणि मानेच्या एमआरआयमध्ये काही सापडत नाही, अशा बाईचे श्वासपटल पाहायला हवे. पोटाच्या दुर्बिणीतूनही ते दिसते, पण यकृत आड येते. सर्जनने टेबल कलते करून, यकृत बाजूला सारून मुद्दाम वर बघावे लागते.

सिझेरियनच्या व्रणातला आजार साधारण सर्जनच्या नजरेस अधिक वेळा पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण चारातल्या एकाच्या आसपास, गोव्यात तर 40 टक्क्यांच्या जवळ. व्रणातली गाठ हजार सिझेरियनमागे फार तर चार जणींना होते, पण मुळात शस्त्रक्रियाच इतक्या होत असल्याने रुग्ण दिसत राहणार. गाठ बहुधा टाक्यांच्या रेषेच्या एका टोकाला येते, कधी बाळंतपणानंतर वर्षभरात, कधी पाच-सात वर्षांनी. पाळीत ती टणक होते, ठणकते, साडीची गाठ किंवा सलवारची नाडी तिथे सोसवत नाही. तिला टाक्याची गाठ, हर्निया, चरबीची गाठ समजले जाते. सोनोग्राफीत ती काळपट, खडबडीत कडांची आणि आत रक्तप्रवाह असलेली दिसते. शस्त्रक्रियेच्या आधी ती किती खोल गेली आहे, स्नायूत शिरली आहे का, हे एमआरआयने कळते.

अशी गाठ औषधाने सहसा जात नाही, दुखणे तेवढे कमी होते. ती भोवतीच्या सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भागासकट पूर्ण काढणे हाच उपाय. काढलेली गाठ मधोमध कापली तर आत पांढरट, चिवट, सुरीला करकरणारा व्रण दिसतो, आणि त्यात पेरल्यासारखे चॉकलेटी ठिपके. दाबले की जुन्या रक्ताचा दाट थेंब बाहेर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली गर्भाशयाच्या अस्तरातल्यासारख्या ग्रंथी, त्यांच्याभोवतीची विशिष्ट ऊती आणि जुन्या रक्तातले लोह गिळलेल्या पेशी दिसतात. या तिन्हींतल्या दोन सापडल्या तरी निदान पुरते ठरते. शंका असेल तर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक रंगवून पाहतात. स्नायूवरचे जाड आवरण बरेच काढावे लागले तर जाळी लावून भिंत मजबूत करतात, नाहीतर पुढे तिथे हर्निया होतो. सामान्य प्रसूतीत घातलेल्या टाक्यांच्या व्रणातही अशी गाठ येऊ शकते, आणि ती सांगायची बायकांना सर्वांत जास्त लाज वाटते.

कोणतीही शस्त्रक्रिया न होता बेंबीत येणाऱ्या गाठीला व्हिलार नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव आहे; त्याने तिचे वर्णन 1886 मध्ये केले. निळसर-तपकिरी, बोराएवढी ही गाठ पाळीत सुजते आणि कधी तिच्यातून रक्तही येते. बेंबीतून रक्त येणे घाबरवणारे खरे, पण तारखेमुळे ओळखायला हा प्रकार बराच सोपा. जांघेतला आजारही बहुधा उजवीकडे असतो आणि हर्निया समजून कापायला घेतल्यावर उघडकीस येतो.

आतड्यांचा आजार मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात सर्वाधिक, पण अपेंडिक्समध्ये आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागातही होतो. तो बाहेरून आत शिरतो, म्हणून आतून पाहणाऱ्या दुर्बिणीला अस्तर निरोगी दिसते आणि बाईला ‘पोटाचा ताण’ सांगून परत पाठवले जाते. मूत्रवाहिनीवर आजार पसरला तर ती हळूहळू दाबली जाते, आणि फारसे न दुखता मूत्रपिंड निकामी होते. म्हणूनच ओटीपोटात खोलवर आजार असलेल्या प्रत्येकीच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी व्हायला हवी. मांडीमागून पायात उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूवर ऊती रुजली तर पाळीगणिक सायटिका होतो. मणक्याच्या चकतीवर खापर फुटते, आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले तर पायाची ताकद कायमची जाते.

रक्ताच्या एका तपासणीने हे सगळे निकालात निघाले असते तर बरे झाले असते. तशी तपासणी नाही. सीए-125 हे रक्तातले प्रथिन वाढते खरे, पण क्षयातही वाढते, कर्करोगातही वाढते, नुसत्या पाळीतही वाढते. पूर्वी दुर्बिणीने पाहून तुकडा तपासल्याशिवाय निदान मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी तो आग्रह सोडला आहे. लक्षणे आणि चित्र-तपासण्या जुळत असतील तर हार्मोनचे औषध सुरू करून परिणाम पाहायला हरकत नाही, असे आता मानले जाते. फुप्फुसातली गाठ किंवा व्रणातली वाढती गाठ असेल तर मात्र तुकडा तपासून घेणेच सुरक्षित.

औषधांचा हेतू एकच : अंडाशयाचे मासिक चढउतार थांबवायचे, म्हणजे दूर रुजलेली ऊतीही शांत राहते. गर्भनिरोधक गोळ्या मध्ये खंड न पाडता देतात, किंवा डायनोजेस्ट, नॉरएथिस्टेरॉन यांसारखी प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातली औषधे देतात. सुरुवातीला अधूनमधून डाग लागतात. त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने मेंदूकडून येणारा संदेशच बंद करतात आणि तात्पुरती रजोनिवृत्ती आणतात. त्याने हाडे ठिसूळ होतात, म्हणून ती साधारण सहा महिने देतात, आणि अधिक काळ द्यायची तर सोबत थोडे हार्मोन परत देतात. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने असे औषध दिल्यास आजार उलटण्याची शक्यता कमी होते. तरीही छातीतला आजार उलटतो, आणि हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. श्वासपटल दुरुस्त झालेल्या बाईला पुढे पाळीत अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जायचे, एवढे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

मूल हवे असेल तेव्हा ही सगळी औषधे अडसर ठरतात, कारण त्यांपैकी प्रत्येक औषध स्त्रीबीज तयार होणे थांबवते किंवा गर्भ राहू देत नाही. अशा वेळी आधी शस्त्रक्रिया, मग औषधाविना काही महिने गर्भधारणेचा प्रयत्न, जरूर तर टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, असा क्रम ठरवावा लागतो. वय, अंडाशयात उरलेली बीजे आणि छातीचा धोका यांचा हिशेब प्रत्येकीसाठी वेगळा. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन उतरते आणि बहुतेकींचा आजार विझतो. अंडाशय काढलेल्या बाईला हार्मोन द्यायची वेळ आलीच, तर नुसते इस्ट्रोजेन न देता जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातले औषध द्यावे, नाहीतर मागे राहिलेली ऊती पुन्हा डोके वर काढते. पाळी थांबल्यावर एखादी जुनी, शांत असलेली व्रणातली गाठ वाढू लागली, तर तिचा तुकडा लगेच तपासावा. अशा गाठीत कर्करोग क्वचित होतो, पण होतो.